डबलसीट जगप्रदक्षिणा

मोटारसायकलवरून वर्षानुवर्षे जगभर फिरणाऱ्या जोडप्याला तीन गोष्टी लागतात : दोन माणसे, एक किंवा दोन गाड्या आणि परतीची न ठरलेली तारीख. यांतली तिसरी गोष्ट निर्णायक आहे. पंधरा दिवसांची रजा टाकून लडाखला जाऊन येणे, खारदुंग ला इथल्या पाटीशेजारी फोटो काढणे आणि सोमवारी ऑफिसात तो सगळ्यांना दाखवणे ही सहल झाली. तिच्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, आणि लिहिले नाही तरी जाऊन आलेली माणसे सांगतातच. इथे विचार करायचा आहे तो भाड्याच्या घराच्या किल्ल्या मालकाला परत देऊन, फ्रिज मेहुण्याच्या गळ्यात मारून आणि पेपरवाल्याचा हिशेब चुकता करून निघालेल्यांचा. दर सीमेवरच्या फॉर्ममध्ये ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी त्यांचे पेन जरा अडखळते.

अशा प्रवासाला किती दिवस लागणार हे निघताना सांगितले जाते, ते केवळ नातेवाइकांच्या समाधानासाठी. क्लाउस शुबर्ट आणि क्लाउडिया मेत्झ हे जर्मन जोडपे १९८१ साली दोन यामाहा एक्सटी ५०० घेऊन जपानला जायला निघाले, ते १९९७ मध्ये घरी परतले. सायमन आणि लिसा थॉमस हे ब्रिटिश दांपत्य २००३ मध्ये दीड वर्षाचा बेत आखून बाहेर पडले आणि दशक उलटले तरी रस्त्यावरच होते. पीटर आणि के फॉरवुड हे ऑस्ट्रेलियन दांपत्य १९९६ मध्ये एका हार्ले-डेव्हिडसन इलेक्ट्रा ग्लाइडवर बसले आणि जगातला एकही देश त्यांनी बाकी ठेवला नाही. तेव्हा जोडप्याने ‘दिवाळीपर्यंत येतो’ असे सांगितले, तर कोणत्या सालची दिवाळी ते विचारून ठेवावे.

जोडीने जाण्याची कल्पना या प्रवासाच्या जन्मापासूनची आहे, पण सुरुवात काही शुभशकुनी नव्हती. मोटारसायकलवरून जगाला पहिली प्रदक्षिणा घातली ती कार्ल क्लॅन्सी या अमेरिकन तरुणाने, १९१२-१३ मध्ये, चार सिलिंडरच्या हेंडरसनवर. त्याच्याबरोबर वॉल्टर स्टोरी नावाचा मित्र होता. डब्लिनमधून सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी स्टोरीची ट्रामशी गाठ पडली. तरीही तो नेटाने पॅरिसपर्यंत गेला आणि तिथे त्याने रामराम ठोकला. पुढचे जग क्लॅन्सीने एकट्याने पाहिले. मित्र पॅरिसला सोडून जाऊ शकतो. नवरा-बायकोला ते इतके सोपे नसते, कारण तंबू एकाच्या पेटीत असतो आणि त्याच्या काठ्या दुसऱ्याच्या.

नंतरच्या काळात दोघांचा प्रश्न साइडकारने सोडवला. मराठी वाचकाला साइडकार माहीत आहे ती ‘शोले’मुळे, आणि तिथेही ती मैत्रीच्याच कामी आली. झोल्टान सुल्कोव्स्की आणि ग्युला बार्था हे दोन हंगेरियन मित्र १९२८ ते १९३६ अशी आठ वर्षे साइडकार जोडलेल्या हार्लेवर जगभर फिरले. थेरेसा वॉलाक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघींनी १९३४ च्या डिसेंबरात लंडन सोडले आणि ६०० सीसीची पँथर, तिला साइडकार आणि मागे ट्रेलर असा लवाजमा सहारा वाळवंटातून ओढत १९३५ च्या जुलैत केप टाउनला नेला. साइडकारचा खरा फायदा सामानाला होता. तिच्यात बसणाऱ्याच्या वाट्याला रस्त्यावरची धूळ थेट नाकाच्या उंचीवर येई. जोडप्यांनी तिचा मोह लवकर सोडला असावा, याचे कारण तेच.

नवरा-बायको किंवा प्रियकर-प्रेयसी अशी जोडी मोठ्या संख्येने दिसू लागली ती १९८० नंतर. त्या वर्षी बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही गाडी काढली. डांबरी रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी, ८०० सीसीच्या आतबाहेरची, शाफ्टवर फिरणाऱ्या चाकाची. शाफ्ट असल्याने चेनला तेल घालण्याचे रोजचे काम गेले. जगप्रवासाच्या इतिहासात या सुधारणेला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही. चेनच्या गाडीवर दर पाचेकशे किलोमीटरला कुणाला तरी वाकून चेनला तेल द्यावे लागते. ‘कुणी’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात प्रेमाने सुटतो, दुसऱ्या महिन्यात पाळी लावून. तिसऱ्या महिन्यात चेन कोरडी राहते.

या विषयात दोन पंथ आहेत. एक गाडीवाद्यांचे म्हणणे असे, की खर्च निम्मा होतो, कागदपत्रे निम्मी होतात आणि हरवलेच तर दोघे एकाच ठिकाणी हरवतात. दोन गाडीवाद्यांचे म्हणणे असे, की ज्याला त्याला आपापला खड्डा निवडता येतो. दोन्ही पंथांत तथ्य आहे. डबलसीट प्रवासात मागे बसणारीला जग दिसते आणि चालवणाऱ्याला रस्ता. संध्याकाळी ती हिमशिखराबद्दल बोलू लागते तेव्हा त्याला आठवतो तो वळणावरचा मुरूम. कॅमेराही मागेच असतो. त्यामुळे डबलसीट जोडप्यांच्या फोटोसंग्रहात साठ-सत्तर देश असतात आणि त्या प्रत्येक देशाच्या पुढ्यात एकच पाठ असते.

दोन गाड्यांमध्ये वेगळी अडचण येते. दोघांपैकी एकाला पुढे राहावे लागते, आणि पुढे कोण राहणार हा प्रश्न रस्त्याचा नसून घराचा आहे. पुढच्याला वाट चुकल्याचा दोष येतो, मागच्याला धूळ. न्यूयॉर्कचा गुंतवणूकदार जिम रॉजर्स आणि टॅबिथा एस्टाब्रुक १९९० ते १९९२ या काळात दोन स्वतंत्र बीएमडब्ल्यूंवर सहा खंड फिरले. टॅबिथा निघण्याच्या थोडेच आधी गाडी शिकली होती. जगाची फेरी मारून आलेल्या शिकाऊ चालकांची यादी कोणी केली तर तिचे नाव वर लागेल. पुण्यात कोथरूडहून कॅम्पात जाताना बायकोला गाडी चालवायला न देणाऱ्यांनी हे उदाहरण दोनदा वाचावे.

यानंतर वजन. मोठ्या अ‍ॅडव्हेंचर मोटारसायकलचे पेट्रोल भरल्यावर वजन अडीचशे किलोच्या घरात जाते. माणसे आणि सामान धरून साडेचारशे किलोच्या आसपास थांबावे, असे कंपनी पुस्तिकेत लिहून देते. राहिले दोनशे. त्यात दोन माणसे, दोन हेल्मेटे, ढोपराला आणि कोपराला संरक्षण असलेली जाड जॅकेटे, पँटी आणि घोट्याच्या वर जाणारे बूट बसवले की हातात राहतात जेमतेम तीस किलो. एवढ्यात संसार मांडायचा. तंबू, दोन झोपण्याच्या पिशव्या, स्टोव्ह, ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, क्लच केबल, औषधे आणि कागदपत्रांची पिशवी भरली की कपड्यांना जागा उरत नाही. अनुभवी जोडपी प्रत्येकी तीन चड्ड्यांवर येऊन थांबतात. नवखी जोडपी आठवड्याला पुरतील एवढ्या घेऊन निघतात आणि पहिल्याच देशातून घरी पार्सल पाठवतात.

इथे स्वयंपाकाचा मुद्दा येतो, कारण भारतीय जोडपे असले तर कुकर नेण्यावरून खडाजंगी होतेच. शास्त्र बायकोच्या बाजूने आहे, किंवा ज्याच्या अंगावर स्वयंपाक असेल त्याच्या. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, चार हजार मीटरवर ते ८६-८७ अंशांतच उकळू लागते. तिथे उघड्या पातेल्यातली तूरडाळ रात्रभर रटरटली तरी दाताखाली येतेच. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावरचा अक-बायताल हा घाट ४,६५५ मीटरवर आहे. त्याच्या पायथ्याशी मुक्काम पडला, की दोन शिट्ट्यांत शिजलेल्या वरणापुढे साडेतीन किलो वजनाचा वाद मिटतो. गाडीलाही तिथे दम लागतो. हवा विरळ झाली की जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी उतरते. म्हणजे घाटमाथ्यावर पोचेपर्यंत निम्मी गाडी खालीच राहिलेली असते आणि डबलसीटवाल्याला उरलेल्या निम्म्या गाडीवर दोघांना न्यायचे असते. अशा वेळी मागे बसलेल्या व्यक्तीने उतरून चालत यावे असा संकेत आहे. तो कोणत्याही विवाहविधीत सांगितलेला नाही.

आठवण म्हणून काही विकत घेणे हे वजनाच्या हिशेबात पाप आहे. काश्गरचा गालिचा, ओआहाकाचे मातीचे भांडे, नैरोबीतला लाकडी जिराफ हे सगळे बघून पुढे जायचे. याला तोड काढली ती रॉजर्सने. तो जिथे जाई तिथला शेअर बाजार पाही आणि पटले तर शेअर घेई. बोत्स्वानात त्याने तेच केले. प्रवासातली खरेदी पेटीत बसवण्याचा हा बहुधा एकमेव निर्दोष मार्ग आहे, कारण शेअरला वजन नसते. भाव मात्र असतो, आणि तो गालिच्यापेक्षा लवकर विटतो.

आता कागदपत्रे. सामान्य समज असा, की जगप्रवासात माणूस गाडीवर बसतो. प्रत्यक्षात तो खिडकीसमोर उभा राहतो. पासपोर्ट आणि व्हिसा ही माणसाची कागदे झाली, गाडीची वेगळी. त्यातले मुख्य कार्नेट. हा गाडीचा सातबारा समजावा : इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, किंमत, मालक, सगळे त्यात. भारत, पाकिस्तान, इराण, इजिप्त असे काही देश परक्या गाडीला कार्नेटशिवाय आत घेत नाहीत. त्यांची शंका एकच, की ही गाडी इथेच विकून तुम्ही विमानाने पळ काढाल. ती शंका दूर करण्यासाठी आपल्या देशातल्या ऑटोमोबाइल संघटनेकडे गाडीच्या किमतीच्या हिशेबाने अनामत ठेवावी लागते. महाराष्ट्रातल्या प्रवाशांना त्यासाठी मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचे दार ठोठावावे लागत आले आहे. कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना एक फाडतात, बाहेर पडताना दुसरा फाडतात आणि तिसऱ्यावर दोन्ही वेळचे शिक्के राहतात. मुदत एक वर्षाची. भारतात आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही एका वर्षाचाच. म्हणजे सोळा वर्षांच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला कायदा जास्तीत जास्त बारा महिने गृहीत धरतो. नातेवाईक आणि सरकार यांचे या एका बाबतीत एकमत आहे.

सीमेवर कामाची वाटणी आपोआप होते. एक जण गाडीपाशी थांबतो आणि भोवती जमलेल्या पोरांना गाडी किती ‘अ‍ॅव्हरेज’ देते ते सांगतो. हा प्रश्न सगळ्या खंडांत विचारला जातो, त्याखालोखाल किमतीचा. दुसरा कागद घेऊन रांगेत जातो. इजिप्तमध्ये कस्टम, वाहतूक पोलीस आणि विमा अशा खिडक्यांमधून फिरून झाल्यावर गाडीला अरबी आकड्यांची स्थानिक नंबरप्लेट मिळते. तोपर्यंत पोरांना गाडी पाठ झालेली असते. लॅटिन अमेरिकेत कार्नेट लागत नाही, तात्पुरत्या आयातीचा एक कागद पुरतो. तिकडे लांब मुक्काम करणाऱ्या जोडप्यांना विचारले तर ती निसर्ग, संगीत आणि माणसांचा जिव्हाळा अशी कारणे देतात. खरे कारण हा कागद आहे.

चीनचा प्रकार स्वतंत्र आहे. परक्या गाडीला तिथे परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही. तो रोज बरोबर असतो आणि त्याचा खर्च जोडप्याने करायचा असतो. एकट्या प्रवाशांना ही अट जाचक वाटते. जोडप्यांना सुरुवातीला वाटते, मग हळूहळू तिचे मोल कळते. कित्येक महिन्यांनी तक्रार ऐकायला तिसरे माणूस मिळालेले असते, दोघांनाही.

रस्त्यांचे वर्णन हा अशा लेखनाचा नेहमीचा भाग, आणि त्यात फारसे गूढ काही नाही. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग सुमारे ३०,००० किलोमीटरचा आहे. मध्येच पनामा आणि कोलंबिया यांच्या दरम्यान शंभरेक किलोमीटर तो नाहीच. तिथे दारिएनचे जंगल आणि दलदल आहे. तेवढ्यापुरती गाडी विमानात किंवा बोटीत घालावी लागते. १९०३ साली बांधलेले ‘स्टालराटे’ नावाचे जुने जहाज बरीच वर्षे हे काम करत होते. मोटारसायकली दोराला लटकवून डेकवर चढवल्या जात. नवऱ्याने बायकोचा हात घट्ट धरल्याचे प्रसंग या प्रवासात अनेक येतात, पण आपली गाडी समुद्रावर लटकताना धरलेला हात सर्वात प्रामाणिक असतो. आफ्रिकेत तसाच प्रकार इजिप्तमधले आस्वान आणि सुदानमधले वादी हाल्फा यांच्यामध्ये होता. आठवड्याला एक फेरी. माणसे एका बोटीतून जात आणि गाड्या दुसऱ्या तराफ्यावरून मागाहून येत. गाडीची वाट पाहत जोडपे सुदानातल्या एका छोट्या गावात चहा पीत बसे. २०१४ मध्ये रस्त्याने सीमा खुली झाली आणि जोडप्यांना निवांत मिळणारे ते दोन-चार दिवस गेले.

बोलिव्हियातले उयुनीचे मिठाचे मैदान दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तिथे वाट्टेल त्या दिशेने गाडी हाकता येते, म्हणजे ‘इथून डावीकडे घे म्हटलं होतं ना’ या वाक्याला जगात तिथेच काही अर्थ राहत नाही. तेच मीठ वायरिंगच्या जोडांत शिरून दोन आठवड्यांनी भलत्याच गावात इंडिकेटर बंद पाडते, म्हणून मैदानातून बाहेर आल्याबरोबर गाडी गोड्या पाण्याने धुवावी. पॅटागोनियात आडवा वारा इतका असतो, की सरळ जाण्यासाठी गाडी तिरकी धरावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या आयर महामार्गावर १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. टायर मधोमध झिजून सपाट होतो आणि बोलण्यासारखे सगळे पहिल्या तीस किलोमीटरमध्ये संपते.

मुरुमाच्या रस्त्यांवर आडव्या लाटा पडतात, त्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. हळू गेले की चाक प्रत्येक खळग्यात उतरते आणि हाडे खिळखिळी होतात. ताशी सत्तर-ऐंशीचा वेग घेतला की चाक लाटांच्या माथ्यांवरून निघून जाते आणि धक्के कमी होतात. मात्र तेवढ्या वेगात चाकाची रस्त्यावरची पकडही कमी होते. पुढे बसलेल्याचा या सिद्धान्तावर विश्वास असतो. मागे बसलेल्याचा नसतो, आणि त्याला ब्रेक दिलेला नसतो. असे अनेक वाद भौतिकशास्त्राच्या पाठिंब्यासह पाठीवरच्या बुक्क्याने निकालात निघालेले आहेत.

बोलण्याचे तंत्रही बदलले आहे. पूर्वी चालत्या गाडीवर खुणांची भाषा होती : खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे फोटो, गुडघ्यांनी दाबणे म्हणजे हळू. हेल्मेटवर हेल्मेट आपटणे म्हणजे मागचा झोपला. दिवसभरात वीसेक संदेश पुरत. आता हेल्मेटमध्ये ब्लूटूथचा इंटरकॉम असतो आणि दिवसभर बोलता येते. ही प्रगती आहे असे उत्पादक सांगतात. चार-पाचशे किलोमीटरच्या रस्त्यावर जोडीदाराचा श्वास, खोकला आणि पुढच्या ट्रकबद्दलचे मत सतत कानात पडत राहिल्यावर बॅटरी संपल्याची बतावणी करण्याची कला आपोआप अवगत होते. कडाक्याचे भांडण झाले तरी संध्याकाळी एकाच तंबूत शिरावे लागते. रुसून माहेरी जायला तिकीट, व्हिसा आणि गाडीच्या कार्नेटवर बाहेर पडल्याचा शिक्का लागतो. एवढ्यात राग जातो.

संकटांचे प्रमाण दीर्घ प्रवासात दीर्घच असते. ॲमेझॉनच्या जंगलात सायमन थॉमसच्या मानेचे हाड मोडले. बरे झाल्यावर दोघे परत रस्त्याला लागले. हे वाचून कोणी शौर्याचे कौतुक करील, पण हाड मोडलेल्यापेक्षा त्याला जंगलातून बाहेर काढणाऱ्या जोडीदाराबद्दल कमी लिहिले जाते, हा या विषयातला जुना दोष आहे. एरवीची संकटे साधी असतात. जुलाब दोघांना एकाच दिवशी होत नाहीत, म्हणून मुक्काम दुप्पट पडतो. पंक्चर चिखलात होते. घसरून पडलेली अडीचशे किलोची गाडी एकट्याने उचलायची रीत आहे : पाठ गाडीला लावायची, गुडघे वाकवायचे आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठायचे. दोघे असले की रीत लागत नाही, फक्त गाडी कोणी पाडली हे त्या क्षणी न विचारण्याचा संयम लागतो.

पैशाचे गणित रोजच्या खर्चाला दिवसांनी गुणून मांडतात आणि ते कधीच जुळत नाही. पेट्रोल आणि मुक्काम यांवर मोठा खर्च जातो, जहाजभाडे आणि टायर अचानक येतात. लादलेल्या गाडीचा मागचा टायर दहा-बारा हजार किलोमीटर टिकला तर नशीब म्हणायचे. पैसे संपले की जोडपी थांबून काम करतात, व्याख्याने देतात, पुस्तक लिहितात. पुस्तकात सूर्यास्त असतात, खिडक्या नसतात. त्यामुळे वाचणारे आणखी एक जोडपे निघते.

अशा जोडप्याने निघण्यापूर्वी टायर, स्टोव्ह आणि कुकर यांचा विचार करावाच, पण एक गोष्ट आधी समजून घ्यावी. कार्नेटच्या एखाद्या पानावर बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला, तर गाडी त्याच देशात आहे असे धरले जाते, भले ती समोर उभी असली तरी. तो देश संघटनेकडे आयातशुल्क मागू शकतो. मायदेशी पोचल्यावरही कस्टम अधिकारी इंजिन नंबर आणि चासी नंबर पडताळून शेवटचा शिक्का मारतो तेव्हाच अनामत परत मिळण्याचा मार्ग मोकळा होतो. किती देश पाहिले, किती भांडणे झाली, हे तो विचारत नाही. तेव्हा परत आल्यावर हारतुरे, मुलाखती आणि सोसायटीतला सत्कार नंतर घ्यावा. आधी कस्टममध्ये जावे, आणि दोघांनीही जावे, कारण पेन एकाकडे असते आणि कागद दुसऱ्याकडे.